चिठ्ठी नसताना अँटिबायोटिक मागतात, काय सांगू?

पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. मी बी.फार्म आहे, लग्न झाल्यापासून सासऱ्यांच्या मेडिकलमध्ये बसते, सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. निम्मी गिऱ्हाइकं चिठ्ठी न घेताच येतात. "अझिथ्रोच्या तीन द्या", "जुलाबाची ती स्ट्राँग गोळी द्या", "पोराला मागच्या वेळचं गुलाबी औषध द्या". नाही म्हटलं की समोरच्या दुकानात जातात आणि तिथे लगेच मिळतं. सासरे म्हणतात, इतकी वर्षं देतोय, कुणी मेलं नाही. एक काका आहेत, त्यांना महिन्याच्या वर खोकला आहे, दोनदा लिव्होफ्लॉक्सासिन घेऊन गेले, तेवढ्यापुरतं बरं वाटतं म्हणतात, काल परत आले होते. मी एकटीने नाही म्हणून असा काय फरक पडणार आहे? आणि लोकांकडे दवाखान्यात जायला वेळ नाही, पैसे नाहीत, हेही मला दिसतंच. काय करू?

उत्तर:

अगं, बाकीचे प्रश्न महत्त्वाचेच आहेत, पण आधी त्या काकांचं बघू कारण ते थांबण्यासारखं नाहीये. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायची हा आपल्या टीबी कार्यक्रमाचा साधा नियम आहे आणि काकांना तर महिना होऊन गेला. त्यात लिव्होफ्लॉक्सासिन. हे औषध टीबीच्या जंतूवर थोडंफार चालतं, त्यामुळे चार दिवस बरं वाटतं, ताप उतरतो, जेवण जातं आणि माणूस म्हणतो गोळी लागू पडली, पण जंतू मेलेला नसतो, नुसता दबलेला असतो, थुंकीत सापडायचाही कमी होतो, मग निदान लांबतं आणि तेवढ्या दिवसांत घरातली नातवंडं त्याच खोलीत झोपत असतात. दुसरं म्हणजे टीबीला एकट्या औषधाने मारायला गेलं की त्या औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात आणि तेच वाढतात. म्हणून तर टीबीला सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात. आणि नेहमीची टीबीची औषधं चालेनाशी झाली, म्हणजे एमडीआर टीबी झाला, की ह्याच फ्लुरोक्विनोलोन गटातल्या औषधांवर आमची बरीचशी भिस्त असते. ती खोकल्याच्या नावाखाली आधीच खर्ची पडली तर त्या माणसाला द्यायला हातात फार कमी उरतं.

तेव्हा काका परत आले की, किंवा घर माहिती असेल तर उद्याच निरोप पाठवून, त्यांना ग्रामीण रुग्णालयात थुंकी तपासायला पाठव. आता ही तपासणी नुसती काचपट्टीवर होते असं नाही, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर होते (ट्रूनॅट आपल्या शेजारी गोव्यातल्या कंपनीचं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेलं), त्यात जंतू आहे का हे तर कळतंच, शिवाय टीबीच्या मुख्य औषधाला, रिफाम्पिसिनला, दाद देणारा आहे की नाही हेही त्याच दिवशी कळू शकतं. सगळं फुकट आहे. टीबी निघालाच तर औषधं फुकट आणि उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवले. हे पैशाचं आवर्जून सांग, कारण टीबी म्हटलं की लोकांना आधी खर्चाचीच भीती वाटते. दोनदा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलीये हे तिथे डॉक्टरांना सांगायचं, हेही काकांना बजाव, लपवू नका म्हणावं. त्याच वेळी विचारून घे की वजन उतरलंय का, संध्याकाळी ताप येतो का, थुंकीतून रक्त पडलं का, शुगर आहे का. आणि बीपीची कुठली गोळी चालू आहे तेही बघ, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल तर नुसत्या त्या गोळीनेही महिनोन् महिने कोरडा खोकला येतो, टीबी नसेलही, पण ते थुंकी तपासल्यावरच म्हणायचं.

टीबीबद्दल मी एवढी कळकळीने लिहिते त्याला कारण आहे. औषधं अर्धवट, चुकीची आणि वाटेल तशी दिली की काय होतं हे आपल्या राज्याने डोळ्यांनी पाहिलंय. मुंबईत हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या शेवटी असे चार रुग्ण नोंदवले की ज्यांच्या टीबीवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. आणि त्याच्या आधी, २०१० साली, त्यांनीच मुंबईतल्या खासगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली होती, तर १०६ जणांनी मिळून ६३ वेगवेगळ्या प्रकारे औषधं लिहिली आणि त्यातल्या फक्त ६ जणांची बरोबर निघाली. म्हणजे दोष एकट्या मेडिकलवाल्यांचा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, आम्हा डॉक्टर लोकांचा त्यात मोठा वाटा आहे, त्याच्याकडे पुढे येते.

आता सासऱ्यांचं म्हणणं, कुणी मेलं नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांनी त्यांच्या काळात गावाला औषध पुरवलंय, रात्री-अपरात्री दार उघडलंय, आणि त्यांना काउंटरवरून जे दिसतं तेच ते सांगतायत. पण औषधाला दाद न देणारा जंतू काउंटरवर दिसत नाही. तो माणूस साताऱ्याला किंवा पुण्याला आयसीयूत जातो, दहा दिवस महागातली इंजेक्शनं चालतात, शेत गहाण पडतं आणि सर्टिफिकेटवर सेप्सिस किंवा न्यूमोनिया असं काहीतरी लिहून येतं, कुठल्या गोळ्या किती वेळा उगीच घेतल्या होत्या हे त्यावर कुणी लिहीत नाही. २०१९ ह्या एका वर्षात जगात साधारण १२ लाख ७० हजार माणसं थेट ह्या कारणाने गेली असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि ज्यांच्या मरणात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचा काही ना काही संबंध होता ती धरली तर आकडा जवळपास ५० लाखांवर जातो.

आणि तू जे विचारलंस ना की मी एकटीने नाही म्हणून काय होणार, त्याचं उत्तर अझिथ्रोमायसिनवरूनच देते, कारण तुझ्याकडे सगळ्यात जास्त तीच मागतात. सर्दी, कणकण, घसा धरणं, अंग मोडून येणं, हे बहुतेक वेळा व्हायरसचं असतं आणि व्हायरसवर अझिथ्रो काही करत नाही. तीन दिवसांनी माणूस बरा होतो तो गोळीमुळे नाही, तसाही तीन-चार दिवसांत बराच होणार होता, पण श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी तो पुन्हा तीच मागतो. पण पोटात गेलेली गोळी रिकामी थोडीच बसते, ती आतड्यातल्या जंतूंवर पडते, त्यातले निमूट मरतात आणि जे दाद देत नाहीत ते शिल्लक राहून वाढतात. त्या जंतूंची आणखी एक खोड अशी की औषधाला तोंड देण्याचं त्यांच्याकडचं जनुक ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकू शकतात. म्हणजे सर्दीवर घेतलेली गोळी सहा महिन्यांनी लघवीच्या इन्फेक्शनला नडू शकते, आणि ज्याने घेतली त्यालाच असं नाही, घरात एकत्र राहणाऱ्या, एका संडासाला जाणाऱ्या सगळ्यांना.

टायफॉइडचंच बघ ना. पूर्वी क्लोरॅम्फेनिकॉल द्यायचे, ते निष्प्रभ झालं. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, स्वस्त, तोंडाने घ्यायचं, दोन-तीन दिवसांत ताप उतरायचा, ते इतकं वाटलं गेलं की आज आपल्याकडच्या टायफॉइडच्या जंतूवर ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आता घरी राहून तोंडाने घेता येतील अशी जी थोडी औषधं टायफॉइडला उरलीयेत त्यातलं मुख्य म्हणजे हेच अझिथ्रोमायसिन. तिकडे पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की त्याच्यावर इंजेक्शनने द्यायचं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसुद्धा चालेना आणि गोळ्यांपैकी जवळपास अझिथ्रोच उरली. म्हणून सर्दीच्या माणसाला तू तीन गोळ्या नाकारतेस तेव्हा तुझ्याच गावातल्या टायफॉइडच्या पोराची गोळी तू वाचवत असतेस, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, जंतू गावपातळीवरच बदलतात, वापर कमी झाला तर फरकही आधी तिथेच दिसणार. (टायफॉइडची लस असते हेही लोकांना सांगत जा, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये पोरांना मोहीम काढून दिली होती.)

आता काउंटरवर करायचं काय. मला वाटतं तुझी अडचण नाही म्हणण्याची नाहीये, नाही म्हटल्यावर माणूस रिकाम्या हाताने जातो ही आहे. तो आलाय कारण त्याला त्रास होतोय, आणि दुकानातून तो काहीतरी घेऊन गेला पाहिजे, मग ते दुसरं औषध असेल, नाहीतर कुठे जायचं त्याचा पत्ता असेल, नाहीतर नुसतं नीट विचारपूस करून सांगितलेलं असेल. तू बी.फार्म आहेस, दोन मिनिटं बोलण्याएवढं ज्ञान तुझ्याकडे आहे, ते समोरच्या दुकानात मिळत असेल असं पत्रावरून तरी वाटत नाही. "मिळणार नाही" असं तोडून टाकण्यापेक्षा "कुणाला पाहिजे, काय होतंय, किती दिवस झाले" हे आधी विचार. निम्म्या वेळा पेशंट घरीच असतो आणि आलेला माणूस नुसता निरोप्या असतो.

सर्दी-तापाचा मोठा माणूस असेल तर पॅरासिटामॉल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, वाफ, भरपूर पाणी, आणि स्पष्ट सांगायचं की तापाला तीन-चार दिवस लागतील, खोकला दोन आठवडेसुद्धा रेंगाळतो, शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक लागतंच असं नाही. हे आधी सांगितलेलं असलं की दुसऱ्या दिवशी तो घाबरून परत येत नाही. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही मिळून डोस जास्त होत नाही ना तेवढं बघ. आणि पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत तर पॅरासिटामॉल सोडून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या दुखण्याच्या गोळ्या तापाला अजिबात देऊ नकोस, आणि ताप उतरताना पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं तर ताबडतोब हॉस्पिटल, कारण डेंग्यूत धोका बऱ्याचदा ताप उतरतानाच असतो. बाकी ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, दम लागला, छातीत दुखलं, माणूस बरळायला लागला, लघवी कमी झाली, तर डॉक्टरकडेच, तिथे तुझ्या-माझ्या समजुतीने चालवायचं नाही.

घशाच्या बाबतीत एक अपवाद लक्षात ठेव. पाच ते पंधरा वर्षांचं पोर, जोराचा ताप, घसा खूप दुखतोय, टॉन्सिलवर पांढरं दिसतंय, मानेला गाठी आल्यात आणि सर्दी-खोकला मात्र नाही, तर तो स्ट्रेप्टोकोकसचा घसा असू शकतो आणि तो सोडून दिला तर पुढे हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, आपल्याकडे असे पेशंट अजून आहेत. अशा पोराला नुसत्या गुळण्या सांगून परत पाठवायचं नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. तिथे अँटिबायोटिक खरंच लागतं, आणि मजा म्हणजे त्या जंतूवर जुनं साधं पेनिसिलिन, अमोक्सिसिलिन अजूनही चालतं, अझिथ्रोला मात्र तो काही ठिकाणी दाद देत नाही.

जुलाबाला लोक ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी मागतात, आणि लहान पोरांनासुद्धा त्याचं औषध पाजतात, ते बघून जीव तुटतो. पोरांचे साधे पाण्यासारखे जुलाब बहुतेक व्हायरसचे असतात. त्यांना ओआरएस आणि झिंक, सहा महिन्यांच्या वर २० मिलिग्रॅम आणि त्याखाली १० मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस. ओआरएस देताना जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याचं पाकीटच दे, गोड रंगीत डबीतलं पेय नको, त्यात साखर जास्त असते आणि जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. शौचातून रक्त पडत असेल, पोर मलूल झालं असेल, डोळे खोल गेले असतील, पाणीही पोटात ठरत नसेल तर दवाखाना.

त्या गुलाबी औषधाचं. आया अर्धी बाटली ठेवून देतात आणि पुढच्या वेळी धाकट्याला पाजतात. पावडर भिजवून केलेलं अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटसारखं औषध सात दिवसांनी टाकूनच द्यायचं असतं, हे बाटली देतानाच पेनाने तारीख घालून दे. भिजवायला पाणी उकळून गार केलेलं आणि खुणेपर्यंतच, जमलं तर तूच भिजवून दे. आणि खोकल्याचं पोर असेल तर आईला श्वास मोजायला शिकव, पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट, पोर शांत असताना. दोन महिन्यांच्या वरचं पण वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त, नाहीतर श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, तर तो न्यूमोनिया असू शकतो, मग आजच डॉक्टर, उद्या नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी थांबायचं नाही. ही एक गोष्ट तुझ्या दुकानातून गावातल्या आयांना कळली तरी मला फार समाधान वाटेल.

लघवीला जळजळ होते म्हणून बायका तुझ्याकडे येत असतील, काउंटरला बाई आहे म्हणून तुला सांगत असतील जे सासऱ्यांना कधीच सांगितलं नसतं. त्यांना नॉरफ्लॉक्स द्यायचा मोह होतो पण ते लिव्होफ्लॉक्सासिनच्याच गटातलं, त्या गटाला लघवीचे जंतू आता बऱ्याचदा दाद देत नाहीत. गोळी सुरू करायच्या आधी लघवीचं कल्चर दिलं तर कुठलं औषध चालेल ते कळतं, एकदा गोळी पोटात गेली की कल्चरमध्ये बऱ्याचदा काही सापडत नाही. गरोदर असेल, ताप आणि पाठीत दुखत असेल, किंवा वारंवार होत असेल तर तिला हाताला धरून डॉक्टरकडे पाठव.

आणि नायटा, गजकर्ण. ह्याच्याबद्दल तू विचारलं नाहीस पण ते ट्यूब मागणारे तुझ्याकडे रोज येत असणार. स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूचं औषध एकाच ट्यूबमध्ये, लावलं की खाज लगेच थांबते म्हणून लोकांना आवडतं, पण स्टेरॉइडने बुरशीला रान मोकळं होतं आणि अख्ख्या मांडीवर पसरतं. आज आपल्या देशात नायटा महिनोन् महिने हटत नाही, टर्बिनाफिन ह्या नायट्याच्या औषधाला न जुमानणारी बुरशीची एक जात इथून जगभर गेली आणि तिच्या नावातसुद्धा आता इंडोटिनी म्हणून भारत आलाय. स्टेरॉइडची मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. साधं बुरशीचं मलम, कोरडे कपडे, घरातल्या सगळ्यांनी एकदम उपचार, वेगळा टॉवेल, इतकं सांग.

आता वेळेचा आणि पैशाचा मुद्दा, तो तू बरोबर मांडलास आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय नाही म्हणणं मला पटत नाही. ऊसतोडीला आलेल्या बाईला एक दिवस खाडा म्हणजे काय हे दवाखान्यात बसून कळत नाही. राज्य सरकारच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे, हे अजून कित्येकांना माहितीच नाही. सरकारचा 'आपला दवाखाना' तुमच्याकडे असेल तर तो संध्याकाळी चालू असतो का ते विचारून ठेव आणि वेळ दुकानात लिहून लाव. ई-संजीवनीवर घरबसल्या सरकारी डॉक्टरांशी फोनवर बोलून चिठ्ठी मिळते, फुकट, तुझ्या दुकानात एखाद्याला मोबाईलवर ते लावून द्यायला मदत केलीस तर त्याचा खाडा वाचतो, चिठ्ठी खरी असते आणि तुझं औषधही विकलं जातं. चिठ्ठी आहे पण पैसे नाहीत म्हणून कुणी दोनच दिवसांच्या गोळ्या मागत असेल, तर डॉक्टरला फोन करून स्वस्त जेनेरिक चालेल का विचार, नाहीतर ओळखीचा असेल तर उरलेल्या गोळ्या उधारीवर दे. कोर्स किती दिवसांचा हे डॉक्टरने ठरवायचं, हल्ली बऱ्याच आजारांना पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात, पण बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायचं आणि उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायच्या हे नको. टीबीला तर एक दिवससुद्धा चुकवायचा नाही.

डॉक्टरांचं बोलते म्हटलं होतं. दर तापाला पाच दिवसांचं अँटिबायोटिक, त्यावर एक सुई, जमलं तर सलाईन, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांनी लोकांना लावून ठेवलंय, मग लोक मेडिकलमध्ये तेच मागणार नाहीत तर काय. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना कळवलं की अँटिबायोटिक लिहिताना कशासाठी ते चिठ्ठीवर लिहा, आणि औषध दुकानदारांनाही कळवलं की चिठ्ठीशिवाय देऊ नका. तेव्हा तुझ्याकडे ज्यांच्या चिठ्ठ्या येतात त्या डॉक्टरांना एकदा भेट, भांडायला नाही, नुसतं म्हण की तुमचा पेशंट जुनी चिठ्ठी घेऊन चौथ्यांदा आला तर मी तुम्हाला फोन करू का. जे चांगले आहेत ते हो म्हणतील, आणि तुझं दुकान सुचवतीलही.

गिऱ्हाइकं समोर जातील, काही जातीलच, ते मी लपवत नाही. पण शुगर-बीपीची महिन्याची औषधं घेणारी माणसं विश्वास बघून दुकान ठरवतात आणि धंदा मुख्यतः त्यांच्यावरच चालतो हे सासरे तुझ्यापेक्षा जास्त जाणतात. त्यांना कायद्याचं मात्र स्पष्ट सांग. अझिथ्रो, अमोक्सिसिलिन शेड्यूल एचमध्ये आहेत. लिव्होफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम, टीबीची औषधं १ मार्च २०१४ पासून एच-वनमध्ये, म्हणजे पाकिटावर लाल चौकट, लाल आरएक्स, आणि प्रत्येक विक्रीची डॉक्टरच्या आणि पेशंटच्या नावासकट वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद, ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. काकांच्या दोन वेळच्या गोळ्या रजिस्टरला कशा चढवल्या ते आजच बघ. टीबीची औषधं देणाऱ्या केमिस्टने पेशंट कळवणं २०१८ पासून बंधनकारक आहे. ड्रग इन्स्पेक्टर आला तर लायसन्स जातं ते दुकानाचं, आणि फार्मासिस्ट म्हणून नाव तुझं आहे, हे सासऱ्यांना शांतपणे, एकटं असताना सांग, गिऱ्हाइकासमोर नको.

आणि एकटीने किती दिवस भांडशील, तालुक्याच्या केमिस्ट असोसिएशनमध्ये विषय काढ. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नाही असा एकच बोर्ड पाच-सहा दुकानांनी एकाच दिवशी लावला की गिऱ्हाइकाला समोर जायला समोर काही उरत नाही, आणि समोरच्या दुकानदारालाही कदाचित नाही म्हणायला तेवढंच निमित्त हवं असेल, त्याला खलनायक ठरवून सुरुवात करू नकोस. दर वर्षी १८ ते २४ नोव्हेंबर ह्या विषयाचा जागतिक सप्ताह असतो, तेव्हा गळीत हंगामही चालू असतो आणि ऊसतोडवाल्यांची गर्दी पण तुमच्याकडेच असते, तर बैठक त्याच्या आधी घ्या, ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा. तारीख ठरली की कळव, बोलायला डॉक्टर लागला तर मी येते.